आतला स्वेटर

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांची तर अंक हातात पडायच्या आत होते. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा पहिला घोट घेऊन पाहुणे मंडळी जी समीक्षा करतात, तिला तर तोडच नाही. पण स्वेटर या विषयाला मात्र आपल्या समीक्षकांनी हात लावलेला नाही. कारण उघड आहे. आपले बहुतेक समीक्षक मुंबई-पुण्याला राहतात. मुंबईत स्वेटर घालणं हा निव्वळ कल्पनाविलास, आणि पुण्यात तो पहाटे फिरायला जाणाऱ्यांचा गणवेश. स्वेटरचा गंभीरपणे विचार करायचा असेल, तर माणसानं हिवाळ्यात खानदेशात यावं. आणि खानदेशात कुठं म्हणाल, तर पारोळ्याला यावं.

पारोळा हे आमचं गाव धुळे-जळगाव रस्त्यावर आहे. १७२७ साली बांधलेला भुईकोट किल्ला, बालाजीचं मंदिर आणि बोरी नदी ही गावाची ओळख. समुद्र इथून इतका लांब, की थंडी आणि ऊन यांच्या भांडणात मध्यस्थी करायला तो येऊ शकत नाही. काळी जमीन, कोरडी हवा, निरभ्र आकाश. दिवसभर जमिनीनं जमा केलेली ऊब रात्री आभाळ परस्पर काढून घेतं आणि पहाटे खात्यावर काहीच शिल्लक राहत नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर आला, की तो आकडा वर्तमानपत्रात ठळक छापून येतो आणि आम्ही तो अभिमानानं एकमेकांना वाचून दाखवतो. इतक्या कमी मार्कांचा एवढा अभिमान जगात दुसरीकडे कुठं नसेल! आणि गंमत अशी, की त्याच दिवशी दुपारी पारा २७-२८ पर्यंत चढलेला असतो. म्हणजे सकाळी सातला माणूस काश्मीरात उठतो आणि बारा वाजता खानदेशात जेवायला बसतो.

आता तुम्ही विचाराल, की या विषयावर बोलायचा तुमचा अधिकार काय? मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. पहिल्या गोष्टीचा स्वेटरशी संबंध नाही, दुसरीचा आहे. काउंटरच्या अलीकडून माणूस फक्त कमरेच्या वर दिसतो. बाकी जगाला माणसाची चप्पल दिसते, धोतराचा सोगा दिसतो, पँटची इस्त्री दिसते. मला दिसतो तो स्वेटर. दिवाळी संपल्यापासून संक्रांत सरेपर्यंत रोज दीड-दोनशे स्वेटर माझ्यासमोर येऊन उभे राहतात, आणि सर्व्हर बंद असला तर बराच वेळ उभे राहतात. एखाद्या कलाकृतीसमोर इतका वेळ बसायची संधी किती समीक्षकांना मिळते, ते तुम्हीच सांगा.

हिवाळा लागला, की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक लेख हमखास येतो. मथळा दरवर्षी नवा, मजकूर तोच. एक जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर घाला, असा त्याचा सारांश. अंगालगतचा थर घाम टिपणारा, मधला ऊब धरणारा आणि वरचा वारा अडवणारा. शास्त्र म्हणून यात खोट काढायला जागा नाही. स्वेटर काही ऊब निर्माण करत नाही. ऊब आपलीच असते, तो ती ठेव म्हणून सांभाळतो. त्याच्या धाग्यांत आणि दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकून पडते, ती उबेला बाहेर जाऊ देत नाही. थोडक्यात, स्वेटर ही उबेची बँक आहे. फक्त व्याज देत नाही.

इथपर्यंत ठीक. पण पुढे लेखक शास्त्र सोडून सौंदर्याकडे वळतो आणि तिथं त्याचा पाय घसरतो. आतल्या शर्टाची कॉलर किंचित डोकावावी, मधल्या स्वेटरचा रंग फिकट असावा, वरचा गडद आणि सैल असावा, तिन्ही रंग एका घराण्यातले असावेत, वगैरे वगैरे. सोबत छायाचित्र. त्यात एक तरुण धुक्यात उभा असतो आणि लांब कुठंतरी पाहत असतो. या तरुणाला अकरा वाजता कधी कुणी पाहिलं आहे का? माझा मूळ आक्षेप हाच आहे. हे सगळं थरशास्त्र जिथं सकाळी पडलेली थंडी संध्याकाळपर्यंत हलत नाही, अशा देशांसाठी लिहिलेलं आहे. तिथं माणूस थर चढवून घराबाहेर पडतो आणि घरी येऊनच उतरवतो. त्यामुळं कसं घालावं एवढंच त्या शास्त्रात सांगितलेलं आहे. कसं काढावं, याबद्दल अवाक्षर नाही. आमच्याकडे खरा प्रश्न काढायचा आहे.

इंग्रजीत ‘स्वेटर’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘घाम आणणारा’ असा आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडे खेळाडूंना आणि शर्यतीच्या घोड्यांना घाम यावा म्हणून अंगावर जाड कापड चढवत, त्यावरून हे नाव पडलं. पारोळ्यात साडेदहाच्या पुढं कोणताही स्वेटर आपल्या नावाला जागतो.

आता आमच्या गावाची परंपरा पाहू. पारोळ्याला थर काही नवीन नाहीत. भुईकोटालासुद्धा आधी खंदक, मग तट आणि मग आतला किल्ला असे थर आहेत. माणसंही पूर्वीपासून थरांतच वावरतात. फक्त थरांचा क्रम पुरवणीतल्या नियमानं लागत नाही, तो घसाऱ्याच्या नियमानं लागतो. नवा स्वेटर घेतला की दोन वर्षं तो सगळ्यांत वर. तिसऱ्या वर्षी कोपरं विरली, की त्याची आत बदली होते आणि वर नवा येतो. पाचव्या वर्षी आतल्याच्या आत. गळा फाटला, तर शर्टाच्याही आत. शेवटी तो गाडी पुसायला जातो आणि त्याची पुस्तकी किंमत शून्य होते. वाणिज्य शाखेच्या पोरांना घसारा शिकवायला याहून सोपं उदाहरण सापडणार नाही.

सगळ्यांत चांगलं ते वर आणि फाटकं ते आत, ही रीत आपण कुठून उचलली, यावर मी बराच विचार केला. आपण ती गोधडीवरून उचलली. थरांची विद्या महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. आपल्या आज्या ती करत आल्या आहेत. वर-खाली चांगली लुगडी, मध्ये विरलेली धोतरं, फाटके सदरे, जुन्या चादरींचे तुकडे आणि सगळ्यांना बांधून ठेवणारे धावदोऱ्याचे टाके. अडकलेली हवा, पातळ थर, सगळं तेच शास्त्र; पुरवणीत मात्र याला जागा नाही. गोधडीत फाटकं आत घालणं अगदी रास्त आहे, कारण ती चारी बाजूंनी शिवलेली असते. गोधडीला कधी अकरा वाजता उकडत नाही. ती कुणासमोर वरचं लुगडं काढून खुर्चीच्या पाठीवर टाकत नाही. तिची झाकली मूठ कायम सव्वा लाखाची. आपण गोधडीचा नियम माणसाला लावला आणि तिथं सगळं बिघडलं. कारण माणूस शिवलेला नसतो.

आमच्याकडची सकाळ एकदा पाहायला या. दहा वाजता बँकेचं दार उघडतं तेव्हा आत येणारा प्रत्येक जण राजबिंडा. गडद निळे, शेवाळी, मरून असे नवे स्वेटर, गळ्यात मफलर, कानटोपी. साडेदहाला मफलर सुटतो. पावणेअकराला गुंड्या उघडतात. अकराला पहिला थर उतरतो आणि ज्याच्या स्वेटरकडे पाहून शेजारचा मघाशी हेव्यानं विचारत होता, “कुठून घेतला हो?” त्याच्याच अंगावर कोपराला भगदाड पडलेला बिस्किटी रंगाचा स्वेटर दिसतो. शेजारचा आता काही विचारत नाही. खानदेशचं ऊन हे आमचं खरं समीक्षक. ते कुणाची भीड ठेवत नाही आणि रोज वेळेवर कामाला येतं. आमच्या बँकेत दुसरं कुणी तसं येत नाही.

थरांची दुसरी अडचण खास बँकेतली. खेड्यावरून आलेली वडीलधारी मंडळी पासबुक नेहमी सगळ्यांत आतल्या खिशात ठेवतात. पैशाच्या दृष्टीनं हे योग्यच. पण खिडकीपाशी आल्यावर मी “आबा, पासबुक द्या” म्हणालो, की उत्खनन सुरू होतं. आधी शाल. मग स्वेटरच्या गुंड्या. मग दुसरा स्वेटर, त्याला गुंड्या नाहीत, म्हणून खालून हात. मग सदरा. मग बंडी. हात कोपरापर्यंत आत जातो, तोंडावर ध्यानस्थ भाव येतो आणि मागची रांग श्वास रोखून पाहत राहते. शेवटी पासबुक निघतं, ते रेशनकार्डाचं. पुन्हा हात आत. एकदा बाहेर आलेलं पासबुक मात्र इतकं ऊबदार असतं, की सकाळच्या वेळी ते परत द्यायला जिवावर येतं.

गुंड्यांचा विषय निघालाच आहे, तर त्याचंही सांगून टाकतो. समोर गुंड्या असलेल्या स्वेटरला ‘कार्डिगन’ म्हणतात, ते कार्डिगनचे सातवे अर्ल यांच्यावरून. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाला इंग्रजांच्या घोडदळानं रशियन तोफांवर जो आत्मघातकी हल्ला केला, त्याचे हे पुढारी. त्याच बालाक्लाव्हावरून माकडटोपीला इंग्रजीत नाव मिळालं आणि त्या सैन्याचे सेनापती लॉर्ड रॅग्लन यांच्यावरून एका प्रकारच्या बाहीला. एका फसलेल्या हल्ल्यानं जगाला हिवाळ्याचा जवळजवळ पुरा पोशाख दिला, असं दुसरं उदाहरण इतिहासात नाही. बाकी हल्ल्याचं काही असो, लॉर्डसाहेबांच्या नावाचा स्वेटर आमच्या हवेला मानवणारा आहे. तो उतरवताना डोक्यावरून ओढावा लागत नाही. बिनगुंड्यांचा स्वेटर चारचौघांत काढणाऱ्या माणसाकडे कधी पाहिलंय? दोन्ही हात वर, तोंड आत, चष्मा कानावरून निसटलेला, सदरा स्वेटरबरोबर वर निघालेला आणि आतून आवाज, “जरा धरा हो!” आमचे शाखाधिकारी एरवी रुबाबदार गृहस्थ आहेत, पण या अवस्थेत त्यांच्याकडे कर्ज मागायलाही कुणी जाणार नाही.

स्वेटर घ्यायचा कुठून? हिवाळ्यात मोठ्या शहरांतून तिबेटी विक्रेत्यांची दुकानं लागतात, तिथं आमच्याकडची मंडळी आवर्जून जातात. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. त्यांतल्या पुष्कळांनी निर्वाह म्हणून स्वेटरविक्री धरली. माल बहुतेक लुधियानाचा. मला बँकवाला म्हणून यात कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. लुधियानाचे व्यापारी त्यांना हंगामाच्या सुरुवातीला उधारीवर माल देत आले आहेत आणि हंगाम संपला की विक्रेते हिशेब चुकता करत आले आहेत. गहाण नाही, तारण नाही, जामीनदार नाही. पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर चाललेला व्यवहार. इकडे आमच्या शाखेत एखाद्याला वीस हजारांचं कर्ज द्यायचं, तर दोन जामीनदार आणि इतक्या सह्या, की तेवढ्या वेळात त्यानं एक स्वेटर विणून घेतला असता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. दुकानात स्वेटरवरून हात फिरवून “लोकर आहे ना?” असं आपण विचारतो, तेव्हा बहुधा ती लोकर नसते. ॲक्रिलिक असतं, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. खरी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओल शोषून घेते आणि तरी ओली लागत नाही. ॲक्रिलिकला हे जमत नाही, म्हणून अकरा वाजता आतला माणूस भिजतो. आमच्या कोरड्या हवेत त्याचा आणखी एक गुण दिसतो. रात्री दिवा मालवून स्वेटर ओढला, की चटचट आवाज होतो आणि ठिणग्या उडतात. वीज गेली असली, तर तेवढ्यात उशी कुठं आहे ते दिसतं. आणि हे सारं कुठं? जिथं शिवारभर कापूस पिकतो, तिथं! पांढरं सोनं आम्ही जगाला विकतो आणि तेलाचा धागा विकत घेऊन अंगावर चढवतो.

बायकांच्या स्वेटरचा प्रश्न जास्त नाजूक आहे. साडीवर स्वेटर घालताना पदर आत घ्यायचा की बाहेर, यावर आमच्या घरात अठरा वर्षं चर्चा चालू आहे. आत घेतला तर साडी दिसत नाही, बाहेर घेतला तर स्वेटर सरळ बसत नाही. लग्नात हा प्रश्न थंडी सोसून सोडवला जातो. जानेवारीतल्या संध्याकाळच्या लग्नात नवरेमंडळी सूट, मफलर, कानटोपी घालून बसलेली आणि शेजारी शालू नेसलेल्या बायका दात वाजत असतानाही हसून फोटोला उभ्या. थरांच्या कलेनं यांच्यासाठी अजून काहीही केलेलं नाही, आणि पुरवणीतला धुक्यातला तरुण करेल असं वाटत नाही. घरी विणलेल्या स्वेटरबद्दल मी अभिप्राय देत नाही. सुलट-उलट टाक्यांची लेखिका त्याच घरात स्वयंपाक करत असताना समीक्षा निर्भीड राहू शकत नाही.

आता बक्षिसांकडे वळतो. थरांच्या या कलेत पारोळ्याच्या आसपास सगळ्यांत उत्तम काम मला बँकेत दिसलेलं नाही. ते सकाळी सातला रस्त्याच्या कडेनं चालत शेताकडे निघालेलं दिसतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. सकाळी दव असतं, तेव्हा तो शर्ट थंडी अडवतो. दहानंतर वाळलेली बोंडं आणि काटक्या हाताला ओरखडे काढतात, ते अडवतो. दुपारी ऊन अडवतो. हा एकच थर असा आहे, जो अकरा वाजता काढावा लागत नाही. रंगसंगतीचं म्हणाल, तर हिरव्या साडीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट कोणत्याही पुरवणीत बसणार नाही. पहिलं बक्षीस त्यांना. दुसरं, रात्रीची वीज मिळाली म्हणून गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला. तीन सदरे, त्यावर घोंगडी आणि पाय मात्र उघडे, गार चिखलात. थरांचं शास्त्र कमरेपाशी संपतं, हे मला काउंटरमुळं कधी कळलं नसतं. ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

घसाऱ्याच्या नियमालाही एक अपवाद आहे. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायला यावं लागतं. म्हणजे माणूस स्वतः येऊन, मी जिवंत आहे, असं सांगतो आणि आम्ही ते तपासून घेतो. एक आबा दरवर्षी पायरी चढून येतात. निवृत्त शिपाई. मागच्या वेळी यंत्र त्यांचा अंगठा घेईना. थंडीनं बोटं कोरडी पडली, की रेषा उमटत नाहीत. यंत्राच्या मते आबा नव्हतेच. म्हटलं, आबा, जरा उन्हात बसा, हात चोळा, मग पाहू. ते दाराशी बसले आणि ऊब आली तसे थर उतरवू लागले. वरचा जाड स्वेटर मुलाचा, तो पुण्याला नोकरीला गेला तेव्हाचा. त्याच्या आत नातवाचा शाळेचा, निळा, बाह्या कोपरापर्यंतच पोचणारा. पूर्वी कपडे मोठ्याकडून लहानाकडे उतरत. आता लहानाकडून आजोबांकडे चढतात. त्याच्या आत हातानं विणलेला बिनबाह्यांचा एक शेवाळी स्वेटर. गळा दोनदा उसवलेला आणि दोनदा वेगळ्या रंगाच्या लोकरीनं धरलेला. तो त्यांनी काढला नाही. मी पाहतोय हे पाहून म्हणाले, “हाऊ घरना से, साहेब.” हा घरचा आहे, एवढंच. घरची माणसं गेल्याला सहा वर्षं झाली, हे त्यांच्या खात्याला लावलेल्या वारसाच्या नावावरून मला ठाऊक होतं. आत असतो तो प्रत्येक स्वेटर फाटका म्हणून आत गेलेला नसतो. काही अंगाला लागून राहावेत म्हणून आत असतात, आणि त्यांचा घसारा काढता येत नाही. चौथ्या खेपेला यंत्रानं आबांना जिवंत ठरवलं.

एकंदर निकाल असा. आतला स्वेटर असा असावा, की अकरा वाजता त्यात बसायला लाज वाटू नये. मग तो नवा असो की घरचा. वरचा गुंड्यांचा असावा, म्हणजे काढताना चष्मा आणि अब्रू दोन्ही जागच्या जागी राहतात. अंगालगत सुती असावं, तेवढीच आपल्या शिवाराची आठवण. पासबुक सगळ्यांत आतल्या खिशात ठेवायला हरकत नाही, पण रांगेत उभं असतानाच हात आत घालायला सुरुवात करावी. रंगांची फिकीर करू नये, धुळीनं दोन दिवसांत सगळे एका घराण्यातले होतात. आणि इतकं करूनही थंडी वाजलीच, तर बारा वाजेपर्यंत दम धरावा. पुढं काय करायचं, ते खानदेशचं ऊन पाहून घेईल.